एक (१) मासा, सोबत व्याही

धोंडीराम विधाते आयुष्यात फार कमी खोटं बोलले होते. जे बोलले ते सरकारी कागदावर, आणि त्याखाली वरिष्ठांची सही असायची, त्यामुळे ते धरायचं नाही. स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या जबाबदारीवर, कुणाचीही सही नसताना त्यांनी पहिलं खोटं ठोकलं ते मुलीच्या साखरपुड्यात. हातात मठ्ठ्याचा पेला होता आणि समोर व्याही होते.

व्याही म्हणजे घोटीचे वाळूअण्णा. भाताची गिरणी, पांढरा सदरा, त्याहून पांढऱ्या मिशा, आणि दारणेच्या पाण्यावर गळ टाकून बसायचा चाळीस वर्षांचा नाद. साखरपुड्याचे विधी आटोपल्यावर त्यांनी कार्यालयाच्या कोपऱ्यात खुर्ची ओढली आणि एका मरळ माशाची गोष्ट सुरू केली. सुरुवातीला त्यांच्याभोवती नऊ माणसं होती. मरळ गळाला लागेपर्यंत सहा उरली. नायलॉनचा दोरा ताणला जाईपर्यंत तीन. आणि मरळ दगडाखाली शिरली तेव्हा समोर एकटे धोंडीराम होते. बाकीचे आठ वाळूअण्णांच्या घरचे, त्यांना उठता येत होतं. धोंडीराम मुलीचे बाप होते.

मुलीच्या बापाची नोकरी सरकारी नोकरीपेक्षा कडक असते. सरकारी नोकरीत निदान जेवणाची सुट्टी मिळते. सकाळपासून धोंडीरामांनी "तुम्ही म्हणाल तसं" हे वाक्य सतरा वेळा उच्चारलं होतं. लग्न घोटीला की नाशकात? तुम्ही म्हणाल तसं. जेवायला बुंदी की जिलबी? तुम्ही म्हणाल तसं. वाळूअण्णांच्या थोरल्या बहिणीने, अक्काबाईंनी, छताकडे बघून नुसतं "पंखा" म्हटलं, तर हे त्यांनाही "तुम्ही म्हणाल तसं" म्हणून मोकळे झाले. पंखा कुणीच लावला नाही.

मरळ संपवून वाळूअण्णांनी विचारलं, "तुमची सारी नोकरी धरणाच्या हापिसात गेली म्हणता. मंग तुम्ही बी टाकत असाल की गळ?"

खरं उत्तर असं होतं की चौतीस वर्षांत धोंडीरामांनी पाणी पाहिलं ते दशलक्ष घनफुटांत. त्यांच्या टेबलावरून पाच धरणं आणि दोन कालवे वाहत गेले, पण हेडक्लार्कची पावलं कधी ओली झाली नाहीत. मात्र सतरा वेळा मान डोलावलेल्या माणसाला अठराव्या वेळी बरोबरीने बोलावंसं वाटतं. मानेची ती नैसर्गिक मर्यादा आहे.

"टाकतो की," ते म्हणाले. "गंगापूरला. दर रविवारी."

वाळूअण्णा खुर्चीतून पुढे सरकले. दिवसभरात ते पहिल्यांदाच धोंडीरामांकडे सरकले होते. "अस्सं? काय लागतंय गंगापूरला?"

"सगळं. रोहू, कटला..." इथे साठा संपला. धोंडीरामांनी डोळ्यांपुढे एका हॉटेलचा फलक आणला आणि त्यावरचं सगळ्यात वरचं नाव वाचलं. "पापलेट."

मठ्ठा वाढायला आलेल्या छायाबाईंनी नवऱ्याच्या पेल्याऐवजी त्याच्या मनगटावर मठ्ठा ओतला. वाळूअण्णांनी मिशीवरून एकदा हात फिरवला.

"पापलेट! मंग तर यायलाच पायजे. आजपासनं तिसऱ्या रविवारी येतो. तुमच्या हातचा मासा बघू एकदा."

रात्री घरी आल्यावर छायाबाई एवढंच म्हणाल्या, "पापलेट समुद्रात असतं."

"व्याह्यांनी काही म्हटलं का?"

"नाही."

"मग त्यांना माहीत नसणार. ते भातवाले आहेत."

"प्रतिभाला त्या घरात नांदायचंय," छायाबाई म्हणाल्या. "तिचा बाप थापाड्या आहे हे लग्नाच्या आधीच कळायला नको. नंतर कळलं तर चालेल, नंतर सगळ्यांचंच कळतं."

म्हणजे एकवीस दिवस आणि एक मासा. सरकारी भाषेत याला कालबद्ध कार्यक्रम म्हणतात, आणि असले कार्यक्रम कसे पार पडतात हे धोंडीरामांइतकं कुणाला ठाऊक असणार?

छायाबाईंचाही एक कालबद्ध कार्यक्रम होता. साखरपुड्याला आलेल्या गुरुजींनी त्यांना सांगितलं होतं, की लग्न निर्विघ्न पार पडावं म्हणून एकवीस दिवस रोज एकवीस कणकेच्या गोळ्या माशांना घाला. तोवर घरात मासा-मटण बंद. नाशकात माशांना कणीक घालायची तर लोक रामकुंडावर जातात. पण छायाबाईंचा रामकुंडावर विश्वास नव्हता. म्हणजे कुंडावर होता, तिथल्या माशांवर नव्हता. "तिथले मासे पहाटेपासून जेवतात. बाहेरगावची माणसं बसच्या बस भरून येऊन घालतात. आपली गोळी म्हणजे ढेकर दिल्यानंतरचा घास. त्याचं कसलं पुण्य?" त्यांना उपाशी मासे हवे होते. म्हणून गंगापूर धरणाच्या फुगवट्याला, गर्दीपासून लांब, एका सपाट खडकाची जागा त्यांनी नक्की केली. रोज सकाळी सात वाजता धोंडीरामांनी स्कूटरवरून त्यांना तिथे न्यायचं, त्यांनी "राम राम" म्हणत एकेक गोळी सोडायची, आणि धोंडीरामांनी स्कूटरपाशी उभं राहून थंडीत हात चोळायचे.

राहता राहिला गळ.

आनंदवल्लीच्या त्यांच्या सोसायटीत मासेमारीचे दोन जाणकार होते आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. एक तिसऱ्या मजल्यावरचा ओम. हा घरी बसून कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करायचा आणि कामाच्या वेळात मासेमारीचे व्हिडिओ बघायचा. दुसरा वॉचमन दत्तू. हा गिरणारे गावाकडचा, लहानपण नदीत गेलेलं, आणि आता गेटवरच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे तो पाण्याकडे बघावं तसा बघायचा.

"काका, कार्बनची रॉड घ्या," ओम म्हणाला. "सहा फुटी. स्पिनिंग रीळ. आणि खोटे मासे मिळतात, रबराचे, ते लावायचे. खरा मासा खोट्या माशाला फसतो."

"साहेब, मासा यूट्यूब बघत नाय," दत्तू गेटवरून म्हणाला. "बांबूची काठी घ्या. नायलॉनची तंगूस बांधा, गळ लावा, वर शिशाची एक गोळी. मोराच्या पिसाचा देठ तरंगता ठेवा. देठ बुडाला का उचला. लय सोपं हाय."

"दत्तूदादा, बांबूने लांब जातं का?"

"लांब कशाला जायचं? मासा काठालाच अस्तोय. त्याला बी घरचं बरं वाटतंय."

धोंडीराम स्वभावाने हेडक्लार्क असल्यामुळे त्यांनी दोन्ही टिपण्यांवर "मान्य" असा शेरा मारला आणि दोन्ही वस्तू आणल्या. दुकानदाराने विचारलं, "कुठला मासा मारायचाय?" धोंडीराम म्हणाले, "एक." "एक म्हणजे?" "एकच. कुठलाही चालेल." दुकानदाराने त्यांच्याकडे दयेने पाहिलं आणि रॉड महत्त्वाची नसते, सगळा खेळ रिळाचा असतो, असं सांगून रीळ महागातलं दिलं. ओम म्हणाला, रीळ ठीक, पण खरी गंमत दोऱ्याची. दत्तू म्हणाला, दोरा कुठलाबी चालतो, गळाला धार पायजे. छायाबाईंनी सगळं सामान दिवाणावर मांडलेलं पाहिलं आणि विचारलं, "यात मासा कुठे बसतो?"

आमिषावरून तर सोसायटीत उभी फूट पडली. ओमच्या मते मैदा, कस्टर्ड पावडर आणि वेलदोडे. दत्तूच्या मते गांडूळ. मैद्याचा गोळा श्रीखंडाच्या डब्यातून फ्रिजमध्ये गेला, आणि छायाबाई म्हणाल्या, की एवढे वेलदोडे प्रतिभाच्या बारशाच्या बासुंदीतही पडले नव्हते. गांडुळांसाठी धोंडीरामांनी सोसायटीच्या खताच्या टाकीत हात घातला. तिथे सेक्रेटरी मंगलाबाईंनी त्यांना पकडलं. टाकीतली गांडुळं ही सोसायटीची सामाईक मालमत्ता असून ती वैयक्तिक कारणासाठी नेता येत नाहीत, असं त्यांनी सुनावलं. धोंडीरामांनी सात गांडुळं परत केली. मोजून घेतली गेली.

मंगलाबाईंशी संबंध बिघडायला तेवढं पुरेसं होतं. पण धोंडीराम काम अर्धवट सोडणारे नव्हते.

गळ फेकायचा सराव करायला गच्ची बरी, असं ओमने सुचवलं. पहिल्या सकाळी तो जातीने वर आला. "काका, मनगटातून फेकायचं. आणि काहीही अडकलंय असं वाटलं, की विचार करत बसायचं नाही. झटका द्यायचा आणि रीळ फिरवत सुटायचं. मासा विचार करायला वेळ देत नाही." धोंडीरामांनी मनगटातून फेकलं. गळ गच्ची पार करून पलीकडच्या तारेपर्यंत गेला, हे अंतर पाहून त्यांना स्वतःबद्दल आदर वाटला. मग काहीतरी अडकल्यासारखं झालं. विचार न करता त्यांनी झटका दिला. तारेवरचे दोन चिमटे उडाले, एक निळ्या फुलांचा गाऊन हवेत उठला, वाऱ्याने त्याला कठड्यापलीकडे नेलं आणि तो दिसेनासा झाला. रीळ कर्रर्र करत सुटलं.

"मोठा आहे! सोडू नका!" ओम ओरडला. त्याने डोळे मिटले होते की काय, कोण जाणे.

धोंडीरामांनी रीळ फिरवायला घेतलं. त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मंगलाबाई चहा पीत बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं, की आपलाच गाऊन खालून वर, दोन्ही हात पसरून, सावकाश, जिना चढल्यासारखा थांबत थांबत चाललाय. अर्ध्या मिनिटात त्या चहासकट गच्चीवर होत्या.

"भाऊजी! तुमचं वय काय, माझा गाऊन काय!"

या वाक्याला उत्तर नसतं. ज्यांना शंका असेल त्यांनी सुचवून बघावं.

संध्याकाळी लिफ्टशेजारी सूचना लागली: 'गच्चीवर कपडे वाळवणे, पापड घालणे व योगासने करणे यास परवानगी आहे. मासेमारीस नाही.' आयुष्यभर इतरांसाठी सूचना लिहिलेल्या माणसाला स्वतःसाठी लिहिलेली सूचना वाचताना काय वाटतं, ते धोंडीरामांना त्या दिवशी कळलं. त्यातही त्यांनी मनातल्या मनात 'यास'चं 'यांस' केलं.

मग परवाना. धरणाच्या पाण्यात गळ टाकायचा तर पास लागतो, असं कुणीतरी म्हणालं. दुसरं कुणी असतं तर सोडून दिलं असतं. धोंडीराम ज्या कचेरीत गेले तिचं नाव इथे देत नाही, कारण तिथल्या बाई वागायला चांगल्या होत्या. अडचण फॉर्मची होती.

"होडीचा क्रमांक?" बाईंनी विचारलं.

"होडी नाही."

"जाळ्याच्या भोकाचं माप?"

"जाळं नाही."

"मग मासे धरणार कशाने?"

"गळाने."

बाईंनी फॉर्म मागून पुढून पाहिला. "गळाला रकाना नाही."

"तिथे निरंक लिहा," धोंडीराम म्हणाले. हा शब्द उच्चारताना त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं. "मी चौतीस वर्षं निरंकच लिहीत होतो."

बाईंनी होडी निरंक, जाळं निरंक, खलाशी निरंक असं लिहिलं आणि वाचून पाहिलं. "सगळंच निरंक आहे काका. मग अर्ज कशाचा आहे? एक तरी रकाना भरा."

शेवटचा रकाना होता, 'अपेक्षित मासे'. धोंडीरामांनी कसलीही अतिशयोक्ती न करता लिहिलं: 'एक'. बाईंनी त्यापुढे कंसात आकडा घातला, कारण तशी पद्धत असते.

"सोबत कोण?"

"व्याही."

"ते गळ टाकणार?"

"त्यांनाही पास लागेल का?"

"त्यांचा वेगळा अर्ज. आणि तो घोटीहून यावा लागेल. त्यापेक्षा मी त्यांना बघणारा म्हणून दाखवते."

आणि पास मिळाला. रविवार, सूर्योदय ते सूर्यास्त, एक (१) मासा, सोबत व्याही (बघणारा). धोंडीरामांनी त्याला प्लास्टिकचं आवरण घातलं. कचेरीबाहेर आल्यावर मात्र त्यांच्या लक्षात आलं, की आपण स्वतःच्या हाताने अशी व्यवस्था केली आहे, की चाळीस वर्षं गळ टाकलेला माणूस दिवसभर दुसरं काहीही न करता फक्त आपल्याकडे बघत बसेल.

दरम्यान रोज सकाळी सातला छायाबाईंच्या गोळ्या सुरूच होत्या. पहिले तीन दिवस पाण्यावर नुसती वर्तुळं उठायची. चौथ्या दिवशी चार-पाच मासे आले. दहाव्या दिवशी स्कूटरचा आवाज ऐकून खडकापाशी पाणी हलायला लागायचं. छायाबाईंनी एकेकाला ओळखायला सुरुवात केली. त्यात शेपटीचा वरचा तुकडा गेलेला एक थोराड रोहू होता. तो सगळ्यांत उशिरा यायचा, सगळ्यांना बाजूला सारून मोठी गोळी घ्यायचा आणि काही न बोलता निघून जायचा. छायाबाईंनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं.

"आज जावईबापू आले नाहीत," त्या काळजीने म्हणायच्या.

"अगं, मासा आहे तो."

"म्हणून काय झालं? इतक्या दिवसांत तुम्ही माझ्या हातच्या कशाला एवढ्या आवडीने तोंड लावलंत का?"

सतराव्या दिवशी धोंडीराम गेटवर दत्तूपाशी रडगाणं गात होते. मधल्या दोन्ही रविवारी दुपारी ते एकटे जाऊन दोन्ही काठ्या टाकून बसून आले होते. मिळकत: एक चप्पल. तीही डाव्या पायाची.

"साहेब, जागा तयार केली का?" दत्तूने विचारलं.

"जागा तयार करायची असते?"

"मंग! एक जागा धरायची. रोज त्याच टायमाला, तिथंच, एकच खाणं टाकायचं. पंधरा-वीस दिवस. मासा भ्याव सोडून येतो बघा. मंग त्या दिवशी तेच खाणं गळाला लावायचं. तो आंधळा होऊन घेतो. चुकायचाच नाय."

धोंडीरामांनी बोटांवर मोजलं. एक जागा. रोज सातला. कणकेच्या गोळ्या. हे सगळं काम त्यांच्या घरात सतरा दिवसांपासून सुरू होतं, आणि तेही पुण्य म्हणून.

माणूस पापी असता तर इथे गोष्ट संपली असती. धोंडीराम पापी नव्हते, फक्त अडचणीत होते. त्या रात्री जेवताना छायाबाईंनी आपणहून विचारलं, "रविवारी तुम्ही गळ कुठे टाकणार?" धोंडीरामांच्या तोंडून निघून गेलं, "लांब. पार बाभळीपलीकडे. तुझ्या खडकापासून शंभर पावलं."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ."

"त्या दिवशी तू रामकुंडावर जा ना," धोंडीरामांनी मग एक प्रयत्न करून पाहिला.

"वीस दिवस इथे जेवायला घातलं आणि शेवटच्या पंगतीला तिकडे? माझी वाट बघतील ते."

रविवार उजाडला. साडेसहाला वाळूअण्णांची जीप दारात आली. कानटोपी, मफलर, हातात चार पुडांचा डबा, आणि काठी नाही. पास त्यांनी आवरणासकट नीट वाचला. "बघणारा," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत कुणी कागदावर लिहून दिलं नव्हतं. बसतो बघत."

फुगवट्यावर धुकं होतं. छायाबाई परडी घेऊन आपल्या खडकाकडे गेल्या. धोंडीराम दोन काठ्या, तीन डबे आणि एक व्याही घेऊन बाभळीकडे गेले. वाळूअण्णा दगडावर बसले आणि त्यांनी नजर मोराच्या पिसाच्या देठावर लावली. देठ हलला नाही. वाळूअण्णांनी वाम माशाची एक गोष्ट सांगितली. देठ हलला नाही. धोंडीरामांनी गांडूळ काढून कस्टर्ड लावलं. वाळूअण्णांनी वास घेतला आणि म्हणाले, "वा. लग्नात असंच करा काहीतरी." देठ तसाच. रबराचा मासा लावला, तो बाभळीच्या मुळीत गेला आणि तिथेच स्थायिक झाला. आठ वाजले. शंभर पावलांवर छायाबाईंच्या खडकापाशी पाणी भाताच्या आधणासारखं उकळत होतं आणि वाळूअण्णा मधूनमधून तिकडे बघत होते.

"तुमचं पापलेट कोणत्या टायमाला येतं?" त्यांनी एकदाच विचारलं.

"ऊन वर आल्यावर," धोंडीराम म्हणाले.

तेवढ्यात खडकावरून हाक आली. "अहो! इकडे या. शेवटची गोळी यजमानांच्या हातून पडायला हवी, गुरुजींनी सांगितलंय!"

धोंडीराम गेले. घाईत बांबूची काठी हातातच राहिली. मागोमाग वाळूअण्णा, बघणारे या नात्याने. परडीत विसाव्या गोळीपर्यंत सगळं संपलं होतं. पाण्यात पाठीला पाठ लावून मासे फिरत होते, काळे, रुपेरी, हाताच्या अंतरावर. छायाबाईंनी एकविसावी गोळी नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. "मी प्रतिभाचं नाव घेते, तुम्ही सोडा," असं म्हणून त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले.

आता चित्र असं होतं. उजव्या हातात काठी. डाव्या हातात गोळी. समोर मासे. बायकोचे डोळे मिटलेले. व्याह्यांचे उघडे.

गुरुजींनी गोळी पाण्यात सोडायला सांगितली होती. ती सोडण्याआधी मध्ये काय करायचं नाही, याबद्दल त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. नियमात जे स्पष्ट निषिद्ध नाही ते अनुज्ञेय, असा शेरा धोंडीरामांनी शेकडो फायलींवर मारला होता. त्यांनी गोळी गळाला लावली आणि सोडली.

देठ बुडाला नाही, नाहीसाच झाला. काठी वाकली. धोंडीरामांनी विचार न करता झटका दिला, ओमचं शिक्षण एवढं एकच कामी आलं, आणि पुढची तीन मिनिटं ते खडकावर कुणाला तरी नमस्कार घातल्यासारखे खाली-वर होत राहिले. "ढील द्या! आता ओढा! काठाला, काठाला!" वाळूअण्णा ओरडत होते. पासातली अट मोडून त्यांनी मफलरचा झोळ केला, गुडघाभर पाण्यात उतरले आणि मासा वर घेतला. दोन किलोच्या वरचा रोहू. चकचकीत, लालसर पंख, उघडमीट करणारं तोंड.

आणि शेपटीचा वरचा तुकडा गेलेला.

छायाबाईंनी डोळे उघडून केव्हाच पाहिलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर धोंडीरामांना काहीतरी बोलता आलं असतं.

"जावईबापू आहेत ते," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, "माझ्या हातची गोळी होती ना ती?"

धोंडीरामांनी व्याह्यांकडे पाहिलं. त्यांच्या मफलरमध्ये धोंडीरामांच्या आयुष्यातला पहिला मासा होता. वाळूअण्णांनी मोबाइल काढून फोटोची तयारी केली होती. एक वाक्य पुरेसं होतं: नाही गं, माझी कस्टर्डची होती. एवढं म्हटलं की मासा त्यांचा, मान त्यांचा, आणि लग्नापर्यंत व्याही बरोबरीचे. साखरपुड्यात ज्या जिभेला पापलेट इतक्या सहज सुचलं होतं ती आता टाळूला चिकटून बसली.

"तुझीच होती," ते म्हणाले. "आणि शपथही तुझीच होती."

मग कुणी काही सांगायच्या आत त्यांनी हात ओले केले, तेवढं दत्तूने शिकवलं होतं, गळ काढला, आणि पाण्यात उतरून, कमरेतून वाकून मासा आत धरला. एक क्षण तो तिथेच थांबला, कल्ले हलवत. छायाबाई म्हणाल्या, "सांभाळून जा." जावईबापू गेले. नेहमीप्रमाणे काही न बोलता.

धोंडीराम सरळ उभे राहिले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. "अण्णा," ते म्हणाले, "मी आयुष्यात कधी गळ टाकलेला नाही."

"ते मला पापलेटलाच कळलं," वाळूअण्णा मफलर पिळत म्हणाले.

"मग... मग आलात कशाला?"

वाळूअण्णा खडकावर बसले आणि डब्याचे पुड सोडवू लागले. "माझी मरळ दगडाखाली शिरंपर्यंत ऐकणारा माणूस मला चाळीस वर्षांत मिळाला नव्हता. आमच्या घरचे तंगूस ताणली का उठतात. म्हणलं, असा व्याही परत मिळायचा नाय. त्याला पापलेट लागो का देवमासा, आपल्याला काय करायचंय?"

मुलीचा बाप होतो म्हणून उठता येत नव्हतं, हे खरं कारण धोंडीरामांच्या अगदी ओठांवर आलं. पण एका सकाळी एक खरं पुष्कळ झालं, असा सुज्ञ विचार करून त्यांनी ते गिळलं.

डब्यात चिलापी माशाचा रस्सा आणि तांदळाच्या भाकरी होत्या. आधी ताट छायाबाईंपुढे गेलं. "घ्या विहीणबाई, उद्यापन झालं की तुमचं." छायाबाईंनी भाकरी घेतली, रस्सा नको म्हणाल्या. "ओळखीचं कुणी निघायचं."

"अजून टाकायचा का गळ?" धोंडीरामांनी विचारलं.

"पास एकाच माशाचा हाय," वाळूअण्णा म्हणाले. "तो झाला. कागद मोडायचा नाय. पुढच्या रविवारी तुम्ही घोटीला या. तिकडं विहीणबाईंनी अजून कुणाला जेवायला घातलेलं नाय."

फोटो काढला गेला होता, पण त्यात मासा नव्हता. पाण्यावर एक शिंतोडा होता, आणि रिकामे हात पसरून वाकलेले धोंडीराम. दुपारी त्यांनी तोच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मंगलाबाईंचं उत्तर लगेच आलं: 'यात काय पकडलंय ते दिसत नाही. माझं काही नाही ना?'

ते नंतरचं. खडकावर ऊन वर आलं होतं. रस्सा तिखट होता. दोन्ही व्याही पाण्याकडे तोंड करून शेजारी शेजारी बसले होते, एकाची विजार ओली, दुसऱ्याचीही ओली, आणि लांबून पाहणाऱ्याला यातला मुलीचा बाप कोणता ते सांगता आलं नसतं.

धोंडीरामांनी भाकरीचा तुकडा मोडला. "अण्णा," त्यांनी विचारलं, "दारणेला पापलेट लागतं का हो?"

वाळूअण्णांनी मिशीवरून हात फिरवला आणि नीट विचार केला.

"लागतं की," ते म्हणाले. "पण पहाटे लवकर यावं लागतं."